वेदीवर ठेवलेली आई

१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचा सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चहातली साखर तू देवाला वाहिलीस, पहाटेची झोप वाहिलीस, बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तो रागही गिळून वाहिलास, हे ऐकून आईला आनंद झाला. मला झाला नाही. देवाकडे एव्हाना मुंग्या लागल्या असतील.

आता कामाचं. पित्ताशयातल्या खड्यांनी मला जेरीस आणलंय. परवा पडद्यांच्या दुकानात कापड मापताना कळ आली आणि मी टेबलाखालीच बसले. गिऱ्हाइकाला वाटलं, कात्री शोधतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता टाळता येणार नाही. चोवीस तारखेला ऑपरेशन आहे. तेवढे दोन आठवडे तू आईजवळ येऊन राहा. पडल्यापासून तिला स्वतःची कूस बदलता येत नाही, हे तू जाणतोस. भरवणं, पुसणं, भांडं देणं, अंथरूण बदलणं, सगळं मी आधी शिकवीन. शेजारच्या मास्तरीणबाई दुपारी येतील, पण त्यांच्याच्याने आई उचलत नाही.

तुझ्या बायकोला, आमच्या धाकटीला, आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्याकडे.

ताई

१४ फेब्रुवारी

ति. ताईस धाकट्याचा ख्रिस्तात सलाम. वि. वि.

तुझ्या दुखण्याचं वाचलं आणि होतो तिथेच गुडघे टेकले. रविवारी चर्चमधल्या साऱ्या मंडळीने तुझ्यासाठी प्रार्थना केली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले.

येण्याबद्दल म्हणशील, तर नेमका त्याच दिवसांत आमचा उपवास आहे आणि स्तुतिगीतांची बाजू माझ्याकडे आहे. मी फार झगडलो, ताई. मुलगा म्हणून जीव तिकडे ओढत होता. शेवटी उमगलं की देव तेच मागतोय. म्हणून आईला भेटायची ओढ मी वेदीवर ठेवली. देवाने मागितलं म्हणून लेकराचा बळी द्यायला डोंगर चढलेल्या, बायबलातल्या त्या बापाला काय वाटलं असेल, ते मला आता कळतं. तूही तुझं दुखणं वाहून टाक, हलकं वाटेल.

आईला माझा पापा. तुझ्या प्रार्थनांचा भुकेला,

धाकटा

१७ फेब्रुवारी

धाकट्यास सलाम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग छताकडे बघत म्हणाली, बरं झालं, आता देवच येऊन माझी कूस बदलेल.

तुझा दाखला मला पटला नाही. त्या बापाला निदान डोंगर स्वतःच्या पायांनी चढावा लागला होता. तू चटईवर बसल्या बसल्या उरकलंस. आमच्या दुकानात लोक विटलेले, इस्त्रीने जळलेले पडदे आणून देतात आणि मोठ्या मनाने सांगतात, गरिबाला द्या. आम्ही त्यांची फडकी करतो. यापुढे काही वाहायचं तर स्वतःच्या अंगचं वाहा, आईला त्यात धरू नकोस.

डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून कळवलंय. त्या चिडल्या. पुढची कळ घरी आली तर बरं, दुकानात शोभा होते.

लोभ होता.

ताई

१९ फेब्रुवारी

ति. ताईंस धाकटीचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, ताईचं मन कठीण झालंय, जास्त प्रार्थना करायला हवी. मी म्हटलं, तुम्ही करा, मी बॅग भरते.

डॉक्टरीणबाईंना आजच हो म्हणा, त्यांच्या पाया पडावं लागलं तरी पडा. बावीसला संध्याकाळी पोचते. बिस्किटांच्या कारखान्यात रजा मिळाली, मुकादमबाई कुरकुरल्या, पण मिळाली. उपवास सुटल्यावर जेवायला कोण वाढणार, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, तेही वाहून टाका.

आईंना कुठे हात घालून उचलायचं ते आल्या आल्या दाखवा. मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
धाकटी

४ मार्च

चि. धाकट्यास सलाम. वि. वि.

ऑपरेशन पार पडलं. डॉक्टरीणबाईंनी खडे बाटलीत घालून हातात दिले. तुला पाठवणार होते, पण तू तेही वाहिले असतेस.

पडून पडून झालेली आईच्या पाठीवरची जखम भरत आलीय. धाकटी तिला कुशीवर वळवते, पुसते, पावडर लावते आणि सगळा वेळ कारखान्यातल्या गमती सांगते. आई हसते. देवाचं नाव मी धाकटीच्या तोंडून अजून एकदाही ऐकलं नाही.

काल पाळकसाहेबांचं पत्र आलं. तू सभेत उभं राहून साक्ष दिलीस म्हणे, की सेवेसाठी मी माझी बायकोसुद्धा प्रभूला दिली. बायका रडल्या. मी ते धाकटीला वाचून दाखवलं, तेव्हा ती आईचे केस विंचरत होती. तिने फणीत अडकलेले केस काढले, त्यांची गुंडाळी केली आणि म्हणाली, रजा वाढवून घेते. दिलेली वस्तू परत मागू नये, एवढं त्यांना कळवा.

कळवलं.

तू जेवतोस का, असं आईने विचारायला सांगितलंय. हा प्रश्न तिचा आहे, माझा नाही. यायचं असेल तर ये. देवासाठी काही आणू नकोस. आईच्या अंथरुणावर घालायला रबरी चादर आण, असलेली फाटलीय.

लोभ का आहे ते विचारू नकोस.

ताई