चालेल तो किडा, थांबेल ते दगडफूल

१९ एप्रिल
गाव मुदखेड. औशाला तिसरा महिना. चांदपाशाचाचांच्या मसाला कांडपात मिरच्या कुटून डोळ्याचे टमाटे झाले. याआधी नांदेडला हॉटेल, लातूरला दालमिल. तिथले मालक बेकार होते. इथं टिकायचं म्हंजे टिकायचं. चाचा म्हणाले, दगडफुलाचं पोतं निवडून दाखव, मिरचीतून काढून खरेदीवर घेतो. खरेदीवाल्याला बसायला खुर्ची असते.

२० एप्रिल, सकाळी
पोत्यात किडा हाय म्हणे. अंगावर दगडफुलाचाच चुरा चिकटवून पिशवी करतो अन् आत राहतो. दिसायला सेम टू सेम. मोबाईलवर अभ्यास केला. दगडफूल म्हंजे बुरशी अन् शेवाळाचा जोडीनं संसार. पाय न्हाईत. किड्याला पाय. नववी नापासाला एवढं पुरे.

दुपारी
नियम काढला. बोटानं टोचायचं. चालला तर किडा, थांबलं तर दगडफूल. साहेब लोकांनाही सुचलं नसतं.

२१ एप्रिल
अख्खं पोतं टोचलं. एकही चाललं न्हाई. माल शंभर टक्के प्युअर. आईला फोन करून सांगितलं, खुर्ची मिळाली. मिळणारच हाय. आई म्हणाली, आधी बस, मग सांग.

२३ एप्रिल
नागुबाई मावशी वर्षाचा काळा मसाला करायला आल्या. बाया इथं डोळ्यासमोर कांडून घेतात, उठत न्हाईत. मी दगडफूल परातीत ओतलं. थोडा वेळ शांत. मग अर्धं दगडफूल परातीच्या काठावर चढायला लागलं. मावशी ओरडल्या, अगं बया, कांडायच्या आधीच मसाला पळाला की! मी म्हणालो, मावशी, ताजा माल हाय. ते बोलायला नको होतं. बाया अजून हसून राहिल्यात.

चाचा म्हणाले, दिवाने, हात लावला की किडा पिशवीत घुसून गप पडतो. दगडफूल बघ, एकच दगड धरून वर्षं काढतं. अन् तू? पाठीवर बॅग, आज नांदेड, उद्या लातूर. तू ह्यातला कोण?

लई लागलं. परत मिरची.

२४ एप्रिल
खोकला. शिंका. स्वाभिमान नावाची काही चीज असते. उद्या काम सोडणार. फायनल.

२५ एप्रिल, दुपारी
सकाळीच बॅग घेऊन स्टँडवर गेलो. लातूरची गाडी लागली. चढणार, तर आईला सांगितलेली खुर्ची आठवली. गाडी गेली. दुसरी लागली. गर्दी होती, म्हणून तीही सोडली. तेवढ्यात चाचांची स्कूटर. मी खांबामागं, पाठीला बॅग, श्वास बंद. दिसत न्हाई याची खात्री होती.

चाचांनी बोटानं टोचलं. मी हललो न्हाई.

म्हणाले, पक्का किडा हाय. चल.

बसायला मिळालं. स्कूटरच्या मागं, मिरचीच्या पोत्यावर.