नाकारलेली मोळी

माय, काल समुद्रपूरहून येताना एसटीच्या खिडकीतून नाल्यापलीकडचं आपलं जंगल दिसलं. एवढंसंच ते, बस वळण घेते तोवर संपतं. पण साग आता चांगले उंच झालेत. तुला सांगावंसं वाटलं.

आणीबाणी उठल्यावर ते राखीव झालं, तेव्हा मी सातवीत होते. तारा ठोकल्या, पाटी लागली, आणि नव्या गार्डने गावात येऊन सांगितलं की आता सरपण नाही, मोहफुलं नाहीत, आत पायच ठेवायचा नाही. तू पिठाच्या हातांनी तशीच दारात आलीस. "मंग आमच्या चुली का तुमच्या पाटीवर पेटवाच्या?" तो पोरसवदाच होता. "मावशी, मी हुकमाचा माणूस," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो रस्त्यात दिसला की तू तोंड फिरवायचीस.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी जंगलातून धूर निघतो. पारावर बसलेली माणसं उठत नाहीत. "सरकारचं जंगल हाय, सरकार इझवन," कोणीतरी म्हणतं. तू तव्यावरची भाकर तशीच टाकून निघतेस, वाटेत कडुनिंबाची ओली फांदी मोडतेस. तुझ्यामागे मी, माझ्यामागे शेजारच्या बाया. तारेखालून सरपटत आपण आत जातो. गार्ड एकटाच वाळला पाला ओढून आगीपुढची जमीन मोकळी करतोय, अगदी रडवेला झालाय. तू त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीस, नुसती फांदी आपटत राहतेस. ऊन कललं तेव्हा आग विझली होती. तुझा पदर जळाला होता आणि उजव्या हातावर फोड आले होते. घरी फोडांना खोबरेल लावताना मी विचारलं, "काऊन गेलती वं माय?"

"मंग जंगल जयताना पाहत बसू का?" तू म्हणालीस.

हात बरा होत आला तेव्हा गार्ड घरी आला. ओट्यावर अंग चोरून बसला. "मावशी, आठवड्याले एक मोळी वाळलं सरपण नेत जा. मी पाहणार नाई." तू त्याला चहा दिलास, तो पिऊन होऊ दिलास, मग विचारलंस, "साऱ्या बायांले देता का?" त्याने मानेनेच नाही म्हटलं. "मंग मलेबी नको."

तेव्हापासून आपल्या चुलीत पऱ्हाट्याच जळल्या. कापूस निघाला की त्या उपटायच्या, डोक्यावरून आणायच्या, आणि चुलीत घातल्या की भुर्रकन संपायच्या. धुराने तुझे डोळे कायम लाल असायचे. बाकीच्या बायांना ती गोष्ट कळली, पण तुला कोणी शहाणी म्हटलं नाही. गार्डची बदली झाली, तेव्हा मात्र निरोप घ्यायला तो आधी आपल्याकडे आला.

तुला जाऊन किती वर्षं झाली. हा कागद टपालात टाकायचा नाहीच, म्हणून लिहून टाकते. काल बसमध्ये शेजारच्या बाईला मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, माझ्या मायने या जंगलातली आग विझवली म्हणून. मोळीचं नाही सांगितलं. ते मला अजून पटलेलं नाही, माय. तुझ्या जागी मी असते, तर मुकाट्याने घेतली असती.