मुकी शिट्टी

दुकानातून,
९ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पाया पडते असं लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, ‘काहीतरी भानगड दिसतेय,’ म्हणून नुसता नमस्कार. इकडे सगळे ठीक. दुकानात नादुरुस्त मिक्सर आणि पंख्यांचा ढीग पडलाय, आणि त्या ढिगाशेजारी तुझं खेळण्यातलं वाफेचं इंजिन ऐटीत बसलंय. तिसऱ्यांदा आलंय. इतक्या वेळा तर मी माहेरी येत नाही!

फोनवरच बोलले असते, पण हल्ली तू ‘हो, हो’ म्हणतोस आणि फोन वहिनीकडे देतोस. मग म्हटलं, पत्रच लिहावं.

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘भकभक झकास, शिट्टी मुकी. नीट कर, नाहीतर दुकानाला टाळं लाव.’ वा रे वा! बोलायला तुझं काय जातंय?

मी काय काय केलं ते वाच. पहिल्या खेपेला मी रुळांना दोष दिला. या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, चाकं मळली की ती मध्येच तुटते आणि आवाज अडखळतो. म्हणून चाकं घासली, आवाजाच्या सर्किटला एक कपॅसिटर जोडला, म्हणजे वीज तुटली तरी तेवढ्यापुरता दम टिकावा. दुसऱ्या खेपेला स्पीकर बदलला. तो मागच्या कोळशाच्या डब्यात तोंड खाली करून बसवलाय आणि तळाला भोकं पाडलीत. तू हाताने घडवलेला डबा तो, ड्रिल फिरवताना माझा जीव खालीवर होत होता. आणि आता उघडून बघते तर स्पीकरचा पडदाच फाटलेला. आवाज पार शेवटाला नेऊन ठेवलास ना? नाही म्हणू नकोस, सेटिंग बघितलंय मी.

पुन्हा नवा स्पीकर घातला, आवाज पूर्वी होता तिथे आणला, टेबलावरच्या गोल रुळावर इंजिन सोडलं आणि शिट्टी दाबली. शेजारची शिंपीणबाई तावातावाने आली. ‘अगं बाई, काय ते! दचकून सुई बोटात गेली ना माझ्या!’

दादा, शिट्टी वाजते. पहिल्या दिवसापासून वाजतेय.

भकभक जाड आवाजाची, ती तुला ऐकू येते. वाफेचा फुसकारा आणि शिट्टी बारीक, ती येत नाही. रेडिओ दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगू? आलं होतं. मी येऊ दिलं नाही.

मग मी एक चलाखी केली. दुसरी शिट्टी शोधली, घोगरी, बोटीच्या भोंग्यासारखी, आणि ती इंजिनात भरली. तुला नक्की ऐकू आली असती. ‘शेवटी जमलं बाई हिला’ म्हणून तू खूश, मी खूश. वहिनीला फोन करून हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘तसंच पाठवा वन्सं, त्यांच्या मनाला लागेल.’ आणि एकदम रडायला लागली.

शाळेतली गोष्ट तिने सांगितली मला. तू शाळेची बस मागे घेत होतास, मुलांना उतरवणारी बाई ‘थांबा, थांबा’ करून ओरडत होती आणि तू घेतच होतास. तिने पत्र्यावर हात आपटला तेव्हा कुठे थांबलास. मागे एक पोरगी खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. घरी येऊन तू म्हणालास, ‘ती बाई तोंडातल्या तोंडात बोलते.’

ती बाई तोंडातल्या तोंडात बोलत नाही, दादा.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. पण तुझा कान धरायची कुणाची छाती आहे? वहिनी घाबरते, शाळेतल्यांना तुझा मान आहे. उरले मी. बस म्हणजे तुझा जीव, हे मला कळत नाही का? कानाला मशीन लावून चालवता येईल की सोडावी लागेल, मला माहीत नाही. डॉक्टर सांगतील. मला तुझी भीती वाटते, पण त्या पोरीच्या आईची जास्त वाटते. आणि एखादं पोर चाकाखाली आलं, तर त्यानंतर तू कसा जगशील, याची सगळ्यात जास्त.

घोगरी शिट्टी काढून टाकली. पहिलीच परत घातलीय. इंजिन रुळावर ठेव, त्याच्याकडे पाठ करून बस आणि शिट्टी वहिनीला वाजवू दे. तिच्या मनाला येईल तेव्हा वाजवेल. ऐकू आली की बोट वर कर. तिच्यावर डाफरू नकोस, तिने माझ्या आग्रहाने सांगितलं. आणि तोवर बसची किल्ली खिशात घालू नकोस, माझी शपथ आहे तुला.

प्रत्येक वेळी बोट वर गेलं तर मला लिही, मी दुकानाला टाळं लावते. नाही गेलं, तर आता इंजिन पाठवू नकोस.

तू ये.

तू रागावलास तरी तुझीच,
धाकटी