उशीला दूध पाजण्याबाबत

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजींचा खोकला औषधाने थांबला की तुझ्या धाकाने, ते कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. दोन्ही वेळचं जेवण वेळेवर होतं. काळजी करू नकोस.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात तू मनाच्या डॉक्टरांचा पत्ता पाठवलास, त्यावरून शेजारच्या काकूंनी तुला फोनवर काय सांगितलं असेल याचा अंदाज आला. त्यांनी पाहिलं ते खरं आहे. तीन आठवड्यांपूर्वी भरदुपारी मी दार उघडं टाकून खुर्चीत बसलो होतो, मांडीवर हिच्या शालीत गुंडाळलेली उशी होती, आणि मी त्या उशीला बाटलीने दूध पाजत होतो (दूध नव्हतं, पाणी होतं). काकू भांडं परत द्यायला आल्या, "हे काय करताय?" म्हणाल्या, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं, हेही खरं. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी येऊन माझा गॅस बंद आहे ना ते पाहून गेले. जाताना उशीकडेही एक नजर टाकली.

आता खरी हकीकत. तुझी नात (माझी नात ती तुझीही) सात आठवडे आधी जन्मली हे तुला कळवलं होतंच. पुढचं कळवलं नव्हतं. तिला दूध ओढता येईना. चोखायचं, गिळायचं आणि मधेच श्वास घ्यायचा, ही तीन कामं आपण सगळे आल्या दिवसापासून न शिकता करतो, पण जो घाईने येतो त्याचा हा धडा बुडतो. म्हणून तिच्या नाकातून पोटात एक बारीक नळी घातली होती. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत सगळं दूध तोंडाने जाऊ लागलं नाही तर पोटाला छोटंसं छिद्र करून तिथून नळी बसवू. 'छोटंसं' हा शब्द त्यांचा. तो ऐकल्यापासून माझी लेक कोणाशी धड बोलेना.

तिथल्या मुख्य नर्सला सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात. त्यांचा नियम असा, की बाळाच्या घरातल्या प्रत्येकाने पाजायला शिकायचं, कारण घरी गेल्यावर सिस्टर मिळत नाहीत. मला वाटलं, यात शिकायचं काय? तीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवण्यात गेली; अर्ध्या शहराला पाणी सोडलं, एका मुलीला चार चमचे दूध सोडता येणार नाही? पहिल्याच दिवशी दोष माझ्या लक्षात आला. बाटलीच्या रबरी बुचाचं, बाळ चोखतं त्याचं, भोक फार बारीक होतं. दाब कमी, प्रवाह कमी, म्हणून शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही, हे कोणीही सांगेल. मी बूच खिशात घालून घरी आणलं, सुई तापवली आणि भोक व्यवस्थित मोठं केलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी बाळाच्या तोंडाला लावण्याआधी बाटली उलटी धरली, तर धार लागली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत चौघं जण होते, पण त्यांना विचारावं लागलं नाही.

"आजोबा, तुमच्या टाकीखाली कोणी श्वास घेत नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. ते बारीक भोक मुद्दाम असतं. दूध भसकन आलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं. ताई, मी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर किती वेळ बसलो ते सांगत नाही.

शिक्षा म्हणून आठ दिवस बाळाला हात लावायची बंदी, आणि घरी उशीवर सराव. कुशीवर धरायचं, डोकं जरा वर, बाटली आडवी. तीन-चार घोट झाले की बाटली खाली कलती करायची, बाळाला श्वास घेऊ द्यायचा, मग पुन्हा. उशीला वजन हवं म्हणून तिच्या अभ्र्यात मी अडीच किलो तांदूळ भरले. (उशी हिची घेतली. माझी फार चपटी झाली आहे, दुसरं कारण नाही.) काकू आल्या तेव्हा चौथा घोट चालू होता, म्हणून बोट ठेवलं. दुसऱ्या कोणाला सांगू नकोस, पण उशी फार शहाणी होती.

इकडे वॉर्डात वेगळंच चाललं होतं. विहीणबाई टाळ्या वाजवून गात होत्या, जावई फोनवर पक्ष्यांचे आवाज लावत होते, लेक "घे ना गं राणी, एवढंच घे," म्हणून विनवत होती, आणि बाळ डोळे मिटून घेत होतं. नवव्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मी कोपऱ्यात होतो, मला विसरल्या. मग दिसलो. "हे बोलत नाहीत का?" त्यांनी लेकीला विचारलं. लेक दारातून म्हणाली, "बाबा? बाबा जेवताना बोलले तर आई कॅलेंडरवर खूण करायची." दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसली.

"मग इकडे या," सिस्टर म्हणाल्या. "हिला एका वेळी एकच काम जमतं. दूध प्यायचं की तुमचं ऐकायचं?"

ज्या गोष्टीवरून हिने चौतीस वर्षं मला बोल लावला, तीच माझी पात्रता ठरली. मी बसलो. काही बोललो नाही. बाळाच्या कपाळाला आठी आली की थांबायचं, बोटं पसरली की थांबायचं. बाकी ती सांगेल तसं. पहिल्या दिवशी दोन चमचे, मग चार. लेकीला मी शिकवलं (खुणांनीच). आता दोघींचं छान जमतं. परवा नळी काढली. नाकाखाली चिकटपट्टीची लाल खूण राहिली आहे, तेवढीच. उद्या त्या जावयांच्या गावी जातील. लेक मला चला म्हणते, पण तिकडे जागा लहान आहे, आणि विहीणबाई गातात.

तेव्हा सगळं ठीक आहे. त्या डॉक्टरांचा पत्ता जपून ठेवला आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – काकूंना सांग, उशी धुऊन वाळत घातली आहे आणि तांदूळ मी परत डब्यात भरले. शिजवले मात्र नाहीत.

ता. क. २ – जेवणाबद्दल वर लिहिलं ते खरं नाही. ही गेल्यापासून ताटावर बसतो, दोन घास खातो, मग पुढे जात नाही. दुखत काही नाही. मोठ्या सिस्टरांनी माझा भरलेला डबा सलग चार दिवस परत जाताना पाहिला आणि बाळाच्या तक्त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, "आजोबा: दोन घास. थकले." मी म्हटलं, वय झालं. त्या म्हणाल्या, समोर कोण बसतं? मी काही बोललो नाही, नेहमीप्रमाणे. त्यांनी तेही लिहून घेतलं.

ता. क. ३ – गुडघा चालत असेल तर महिनाभर ये. काम काही नाही, समोरच्या खुर्चीत बसायचं. पहिले चार घास बोलू नकोस (तुला ते किती जड जाईल याची मला कल्पना आहे). नंतर खुशाल बोल, हिच्याबद्दलही. मी बोटं पसरली की जरा थांब, आणि मग पुन्हा सुरू कर.