कॅरमपुरती सूट

३ जून, सोमवार
शाळेच्या नेटवर्कवर आजपासून माझा पहारा. घातक साइट्सचे पत्ते फिल्टरमध्ये भरले. असा पत्ता असलेली मेलसुद्धा अडेल आणि माझ्या मंजुरीसाठी थांबेल. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, मुंगीही शिरणार नाही.

४ जून
कॅरमची साइटही अडली. हे जरा अतिच. मधल्या सुट्टीत एक डाव खेळलो की डोकं ताजं राहतं, म्हणजे शाळेचाच फायदा. सूट दिली. सवलतींच्या यादीत 'कोणासाठी' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना. 'ग्रंथालय' लिहिलं. ती यादी बघतंय कोण.

१२ जून, सकाळी ९.१०
सातवीची प्रगतिपुस्तकं उघडेनात. व्हायरस. काल डाव रंगात असताना 'बक्षीस उघडा' आलं होतं. उघडलं होतं. बॅकअपचा संकल्प एप्रिलपासूनचा.

दुपारी
मुख्याध्यापिकाबाईंनी ती यादी मागितली आणि 'ग्रंथालय'वर बोट ठेवलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली.

१३ जून
ग्रंथपाल बाईंचा कॉम्प्युटर उचलून नेला. सोमवारपर्यंत लेखी खुलासा, नाहीतर ग्रंथालयही काढून घेणार. एकवीस वर्षं सांभाळलंय त्यांनी ते. उद्या सगळं सांगणार. नक्की.

१४ जून
सांगितलं नाही. घसा बसलाय.
ग्रंथपाल बाईच कॉम्प्युटर लॅबमध्ये आल्या. म्हणाल्या, सर, मी एकदा विणकामाची साइट उघडली होती, त्यातूनच शिरलं असणार, माझ्यामुळे तुम्हाला केवढा ताप. मी म्हणालो, असू द्या, होतं असं.
मी म्हणालो हे. डबा तसाच परत आणला. बायकोने विचारलं, तर भाजीला नाव ठेवलं.
कॅरमची सूट तेवढी काढून साइट परत फिल्टरमध्ये टाकली.

१६ जून, रविवार
समोर बोलायला जीभ रेटत नाही. मुख्याध्यापिकाबाईंना मेलवर सगळं लिहिलं, साइटच्या पत्त्यासकट, काही आडपडदा न ठेवता. पाठवली. हलकं वाटतंय.

१७ जून
बाईंनी माफीनामा दिला. ग्रंथालय गेलं. मुख्याध्यापिकाबाई माझ्याशी नेहमीसारख्या हसून बोलल्या. वाटलं, मेल वाचूनही केवढं मोठं मन.

दुपारी ३
फिल्टर उघडला. अडवलेली मेल: एक. कारण: घातक पत्ता. पाठवणारा: मी. खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर.
नामंजूर करायचा प्रश्नच नाही. इतका काही मी हा नाही.

५.१०
बाई किल्ल्या देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, सर, तुम्ही समजून घेतलंत.
मंजुरी उद्या सकाळी देतो.