वाटीतला तुकडा

७ मार्च

उद्या टोळचं ऑपरेशन. पोरीचं खरं नाव वेगळंच, पण सोबतच्या मुली टोळ म्हणतात – उंच उडी मारते म्हणून. आज गुडघ्यावर खूण करायला गेले तर म्हणते, "ताई, टाके जरा देखणे घाला हां, फोटो काढायचाय!" तोंडाला कुलूप म्हणून नाही. आई मात्र कोपऱ्यात जप करत बसली होती.

मांडीच्या हाडाच्या टोकाचा एक तुकडा, वरच्या कूर्चेसकट, सुटायला आलाय. डॉक्टर म्हणाले, तुकडा चांगला आहे, स्क्रूने परत बसवू, पुन्हा उड्या मारेल. उगाच धीर देणाऱ्यांतले नाहीत ते. बरं वाटलं.

८ मार्च

मी टाकला. माझ्या ह्या हातांनी टाकला.

आज लिहवत नाही.

९ मार्च

लिहिते. तुकडा निघाला – अंगठ्याच्या नखाएवढा, एका बाजूने पांढराशुभ्र. अख्खा! डॉक्टरांनी माझ्याकडे दिला. खालचा खड्डा साफ होईपर्यंत तो मिठाच्या पाण्याच्या वाटीत ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "तुकडा वाटीत." आमच्या थिएटरची रीतच आहे तशी. म्हणाले मी. नेहमीच म्हणते. तेवढ्यात रक्त ओढायची नळी तुंबली. इकडे नळी साफ कर, तिकडे ड्रिल दे – नुसती धांदल! टेबलावर दोन वाट्या. एक तुकड्याची, एक नळी धुतलेल्या घाण पाण्याची. घाण पाण्याची म्हणून जी उचलली ती मावशींच्या बादलीत ओतली. मावशींनी बादली मोरीत रिकामी केली.

डॉक्टरांनी हात पुढे केला, "तुकडा." मी वाटी उचलली. पाणी लाल होतं.

मावशींनी मोरीची जाळी काढून कोपरापर्यंत हात घातला. रडत होत्या. त्यांचा काय दोष! काही मिळालं नाही. मिळून तरी काय उपयोग होता म्हणा.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. हाडाच्या खड्ड्यात बारीक भोकं पाडली, रक्त येऊ दिलं, गुडघा बंद केला. आता जे भरून येईल ती खरी कूर्चा नव्हे, ठिगळ. पोर चालू शकेल. उडी नाही.

हात धुताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "घरच्यांशी मी बोलतो. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, सिस्टर."

१० मार्च

भाजीत मीठ नव्हतं म्हणे. ह्यांनी निमूट खाल्ली. ह्यांनाही सांगितलेलं नाही.

१२ मार्च

डॉक्टरांना गाठलं. काय सांगितलंत त्यांना? "सांगायचं ते सांगितलं." माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणजे तुकडा खराब निघाला असं सांगून मोकळे झाले! दुसरं काय सांगणार? दवाखान्याचं नाव राखलं. एवढी वर्षं ह्या माणसाला मानत आले मी. आणि मी तरी काय? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय. फार शहाणी!

२१ मार्च

टाके काढायचे होते. मी दुसऱ्या सिस्टरला पुढे केलं, तर टोळ म्हणते, "मला माझ्याच ताई हव्यात." माझ्याच! शेवटी मीच काढले. सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. आई दाराशी हळूच म्हणाली, "उडीचे बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले हो तिने. मी नको नको म्हणत असताना."

सामानाच्या खोलीत जाऊन रडले. पोटच्या पोरीसाठी रडावं तशी.

२४ एप्रिल

डॉक्टर वाळलेत. दुपारी जेवायलाही बाहेर येत नाहीत, दार लावून बसतात. पूर्वी त्यांचा चहा मी नेऊन द्यायचे. आता नाही देत. ज्याला कळवळा असेल त्याने द्यावा!

६ मे

टोळच्या कुबड्या सुटल्या. माझ्या खांद्यावर भार टाकून व्हरांड्यात चालली. समोरून डॉक्टर आले. "कसा आहे गुडघा?" तिने मान फिरवली. ते खाली बघत निघून गेले.

म्हटलं, "अगं, असं करतात का?"

"त्यांनीच टाकला ना माझा तुकडा! आईला स्वतः म्हणाले, माझ्या हातून घाण पाण्याबरोबर गेला, चूक माझी एकट्याची. मी त्यांचं तोंड नाही बघणार, ताई. इथे येते ती फक्त तुमच्यासाठी."

आधी तिला नीट खुर्चीत बसवलं. मग सांगितलं.