काचेजवळचं जावळ

३ फेब्रुवारी, सकाळी ११
दिपालीला आठव्या महिन्यातच कळा. मुलगा. चौदाशे ग्रॅम. थेट एनआयसीयूत. मला टेन्शन नाही. घरात एक माणूस तरी शांत हवा, म्हणून ही डायरी.
डोकं धरून बसलो होतो (मानेचा व्यायाम), तर नर्सबाई कानडीत म्हणाल्या, एळु, एळु. म्हणजे ऊठ. खरं तर ‘एळ्री’, उठा, म्हणायला हवं. पण दवाखान्यात बापाला कोण मान देतो! माझं कानडी फर्स्ट क्लास. ताबडतोब उठलो. त्यांनी काचेकडे बोट केलं. समोरच्याच पेटीत आपला पठ्ठ्या. काळंभोर जावळ! आमच्या अण्णांवर गेलाय.

४ फेब्रुवारी
दिपाली खालच्या वॉर्डात, टाक्यांमुळे उठता येत नाही. तिला जावळाचं सांगितलं. पहिल्यांदाच हसली. संकल्प: रडायचं नाही. (जिन्यात डोळ्यांत फिनेल गेलं.)

६ फेब्रुवारी
लोंढ्याचा मष्णू. त्याचंही बाळ आत आहे. पण रोज माझ्याच जागी उभा राहून माझ्याच बाळाकडे टक लावतो. आज म्हणतो, जावळ लई हाय न्हवं? मनातल्या मनात थू थू केलं.

८ फेब्रुवारी
चाळीस ग्रॅम वाढलं म्हणे. मला तर वाळल्यासारखं दिसतं. काचेमुळे असेल. नर्सबाई म्हणाल्या, हात धुऊन आत या, बाळाला हात लावा. मी म्हटलं, सर्दी आहे. सर्दी नाही. माझा हात लागून त्याला काही झालं तर? उद्या नक्की जाणार.

९ फेब्रुवारी
शिंक आली. म्हणजे सर्दी खरीच होती.

१० फेब्रुवारी
मष्णूला तोंडावर सांगितलं, दादा, आपापल्या बाळाकडं बघा की, नजर लागते. तो बाजूला सरकला. माणसानं स्पष्ट असावं.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
सकाळी गेलो तर काचेजवळची पेटी रिकामी. आया चादर बदलत होती. मी तिथंच फरशीवर बसलो. नर्सबाई धावत आल्या. एळु, एळु! मी म्हटलं, उठता येत नाही हो. त्यांनी दंडाला धरून आत नेलं, पार कोपऱ्यातल्या पेटीपाशी. पेटीवर नंबर सात. चिठ्ठीवर दिपालीचं नाव.
एळु म्हणजे सातसुद्धा. पहिलीत शिकवतात. ‘एळ्री’ म्हणाल्या नव्हत्या, तेव्हाच कळायला हवं होतं.
आमच्याला जावळ नाही. टक्कल. हात तीनदा धुतले, बोट पुढं केलं. त्यानं घट्ट धरलं. आठ दिवस त्याच्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. आणि आतासुद्धा माझे डोळे त्या चादरीकडेच.
मष्णू पहाटेच गेला. बाळाला कापडात गुंडाळून, लोंढ्याला. काल त्याला काचेपासून हटवणारा मीच.
आत्ता दिपालीनं विचारलं, जावळ आहे ना हो तसंच?
मी होय म्हटलं.